विमानांकडे पाठ करून उभे असलेले सबनीस

एअर शोला जाऊन विमानांकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव मुकुंद सबनीस.

किनाऱ्यावर आजूबाजूची हजारो माणसं मान वर करून, तोंड उघडं टाकून आकाशाकडे बघत असतात आणि सबनीस समुद्राकडे पाठ करून स्वतःच्या बुटांकडे बघत असतात. कानात इअरफोन, डाव्या हातात काळा रेडिओ, त्याला वीतभर रबरी अँटेना, उजव्या हातात पेन आणि काखेत वही. डोक्यावरून विमान असं जातं की पोटातली आतडी हलतात, लहान मुलं कानांवर हात ठेवून किंचाळतात, आणि सबनीस शांतपणे वहीत काहीतरी लिहितात. मग घड्याळ बघतात आणि वेळही लिहितात.

त्या रेडिओला स्कॅनर म्हणतात. आपल्या रेडिओवर गाणी लागतात, याच्यावर वैमानिक लागतात. ते एकमेकांशी आणि जमिनीवरच्या माणसाशी जे बोलतात ते हा पकडतो. एका ठिकाणी सामसूम असली की आपणहून पुढे सरकतो, कोणी बोललं की थांबतो. मला विचाराल तर तो नुसती खरखर करतो. सबनिसांना त्या खरखरीत माणसं ऐकू येतात.

"बघायला काय, कोणीही बघतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "विमान दिसतंच हो, वैशाली. आतला माणूस ऐकावा लागतो."

ते आणि मी एकाच कारखान्यात आहोत. आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळ रिंगास्किडीला, बंदराच्या कडेला, औषधं बनवतात तिथे. ते कागदपत्रं तपासायच्या खात्यात, मी प्रयोगशाळेत. माझी गाडी एका हिवाळ्यात कायमची बसली, तेव्हापासून ते मला डग्लसहून येताना कॅरिगलाइनला घेतात. सात वाजून दहा मिनिटांनी म्हणजे सात वाजून दहा मिनिटांनीच. एकदा मी सात बाराला खाली उतरले तर त्यांनी फक्त वही काढली. मी आत्तापर्यंत सहा वर्षांत अकरा वेळा उशिरा आले आहे, हे मला त्यांच्यामुळे माहीत आहे.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. आमच्या कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात की लिहिलं नसेल तर ते झालंच नाही. पेन्सिल वापरायची नाही. चूक झाली तर खोडरबर नाही, गिरगटणं नाही. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, जेणेकरून खालची चूक वाचता येईल, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि तिथे सही करून तारीख घालायची. आम्ही बाकीचे हा नियम संध्याकाळी गेटवर सोडून घरी जातो, पण सबनीस तो घरी घेऊन जातात. त्यांच्या किराणा मालाच्या यादीत "मुगडाळ" वर रेघ मारून "तूरडाळ" लिहिलेलं असतं, खाली एम. एस. आणि तारीख. माझ्या मुलीला त्यांनी वाढदिवसाचं कार्ड दिलं, त्यात आधी "आठव्या" लिहिलं होतं. त्यावर एक रेघ, शेजारी "नवव्या", सही, तारीख. मुलीने ते कार्ड फ्रिजवर लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटली, "लुक, ही साइन्ड हिज ओन मिस्टेक." आमच्या घरात स्वतःच्या चुकीवर सही करायची पद्धत नसल्यामुळे तिला त्याचं फार अप्रूप होतं.

सबनीस मूळचे सांगलीचे. इथे येऊन अठरा वर्षं झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी आपापल्या परीने शोधून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते येतात, वाटीभर काकडीची कोशिंबीर आणतात, कोपऱ्यात बसतात, आणि आवराआवरीच्या वेळी खुर्च्या मोजून लावून ठेवतात. त्यांच्याशी बोलायला गेलं की दुसऱ्या मिनिटाला गाडी विमानावर येते, त्यामुळे लोक पहिल्या मिनिटाला उठतात. मीही उठायचे. गाडीत उठता येत नाही म्हणून मला एवढं माहीत.

आमच्या मंडळाची दर उन्हाळ्यात एक सहल असते. कुठे जायचं यावर ग्रुपवर मतदान होतं. सबनीस सलग सहा वर्षं एकच सुचवत आले, पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावातला एअर शो. कॉर्कहून बसने तीन तास. सहाही वर्षं त्याला एक मत पडलं. ते कोणाचं हे सांगायला नको.

सातव्या वर्षी मात्र चमत्कार झाला. आमचा अध्यक्ष अमोल निकम सॉफ्टवेअरमध्ये आहे, अत्यंत कामसू मुलगा, प्रत्येक गोष्टीचा तक्ता करतो. त्याने मतदान टाकलं आणि त्यात एकापेक्षा जास्त पर्याय निवडायची सोय चुकून चालू राहिली. मी माझं मत धबधब्याला दिलं. मग खाली सबनिसांचा एअर शो दिसला, शून्य मतांचा. मला वाटलं, बिचारे दर वर्षी एकटेच असतात, एक मत आपण टाकू, त्याने काय फरक पडतो? उगाच वाईट वाटायला नको त्यांना.

हाच विचार त्या दिवशी कॉर्क शहर आणि परिसरातल्या प्रत्येक मराठी माणसाच्या मनात आला. बत्तीस जणांनी मतदान केलं. धबधबा तेरा, शॉपिंग सेंटर सतरा, घोड्यांचा फार्म नऊ, एअर शो एकतीस. ज्याने मतदान बनवलं तो अमोल एकटाच सबनिसांना मत द्यायला विसरला होता.

आता एकतीस मतं पडल्यावर काय करणार? दोन तासांनी ग्रुपवर सबनिसांचा संदेश आला, "सर्वांचे मनःपूर्वक आभार. तयारीला लागतो." दुसऱ्या दिवशी सात दहाला मी गाडीत बसले तर त्यांनी नवा शर्ट घातला होता. पुढचे पाच आठवडे मी त्या माणसाला इतकं खूश पाहिलं की खरं काय ते सांगायची माझी छाती झाली नाही.

सहलीच्या दिवशी आम्ही चौतीस जण पहाटे निघालो. सबनिसांनी प्रत्येकाच्या सीटवर एक छापील कागद ठेवला होता. कोणतं विमान किती वाजता, कुठून येणार, रेडिओवर वैमानिक काय म्हणतो आणि त्याचा अर्थ काय. शब्दांची यादी दोन पानांची होती. बायकांनी त्या कागदात ठेपले गुंडाळले. सबनिसांनी पाहिलं आणि दुसरा गठ्ठा काढला. त्यांनी ते धरूनच दुप्पट प्रती आणल्या होत्या.

गावात पोचलो तेव्हा समुद्र दिसत नव्हता. म्हणजे समुद्राचा आवाज येत होता, पण जिथे तो असायला हवा तिथे फक्त पांढरं धुकं होतं. ढग इतके खाली की शेजारची टेकडी अर्धीच उरली होती. वरून ती आयरिश रिपरिप, जिला इथले लोक पाऊस म्हणतच नाहीत. एक वाजताचं विमान आलं नाही. दीडचंही आलं नाही. मैदानावरचे स्पीकर खोकल्यासारखा आवाज करून गप्प झाले. लोक गाड्यांकडे परतू लागले.

आम्ही तेहतीस जण बंधाऱ्यावरच्या एका चहाच्या गाडीशेजारी ताडपत्रीखाली दाटीवाटीने उभे होतो. सबनीस दहा पावलांवर भिंतीला टेकून, नेहमीसारखे समुद्राकडे पाठ करून, भिजत. चहावालीने त्यांच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "इज युवर मॅन ऑल राइट?" इथे कोणत्याही पुरुषाला युवर मॅन म्हणतात हे मला माहीत आहे, तरी मी घाईघाईने सांगितलं की माझा नवरा तो पलीकडे आहे, भजी खातोय.

पावणेदोनला अमोलने फोन वर धरला. "हे बघा, तीन वेगवेगळी अ‍ॅप बघितली. संध्याकाळपर्यंत असंच आहे. बसवाल्याचे तास ठरलेले आहेत, चारला परत निघावंच लागणार. इथून शॉपिंग सेंटर पंचवीस मिनिटांवर आहे. आत्ता निघालो तर दीड तास तरी मिळेल सगळ्यांना. काय म्हणता?"

शॉपिंग सेंटर म्हटल्यावर ताडपत्रीखाली जीव आला. मुलांनी बॅगा उचलल्या. तेवढ्यात सबनीस चालत आले. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

"थांबा," ते म्हणाले. "दहा मिनिटं कमी तीनला चार विमानं येणार आहेत."

"सबनीस, टेकडी दिसत नाहीये," अमोल म्हणाला.

"दिसत नाही, बरोबर. पण आत्ता हेलिकॉप्टर वर जाऊन आलं. त्याने खालच्या माणसाला सांगितलं की दक्षिणेकडे ढग उचलतायत. खालचा म्हणाला, ग्रँड, टेन टू थ्री, फ्लॅट शो." त्यांनी वही उघडून दाखवली. "एक एकेचाळीसची नोंद आहे."

"फ्लॅट शो म्हणजे काय?"

"दुसऱ्या पानावर दिलंय," सबनीस म्हणाले. मग सगळ्यांच्या हातातल्या तेलकट कागदांकडे पाहून त्यांनी स्वतःच सांगितलं. ढग उंच असले तर विमानं वर जाऊन कोलांट्या मारतात. ढग खाली असले तर वर जात नाहीत, ढगाच्या खालून, पाण्याच्या जवळून कसरती करतात. तो फ्लॅट शो.

अमोल दमला होता. त्याला पहाटे चारपासून चौतीस माणसं, बस चुकता चुकता पकडलेली दोन कुटुंबं आणि एक उलटी करणारं मूल सांभाळायचं होतं, आणि त्याच्या तीनही अ‍ॅपवर ढगच होते. त्यामुळे जे बोलायचं नव्हतं ते तो बोलून गेला.

"सबनीस, प्लीज. लोकांनी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मत दिलं होतं. इथे कोणालाही विमानं बघायची नव्हती."

ताडपत्रीवर पावसाचे थेंब ऐकू यायला लागले. मी माझ्या बुटांकडे बघितलं. तिथे उभा असलेला प्रत्येकजण त्या क्षणी स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"माहीत आहे मला," सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नाही. "एकतीसमधल्या तीस जणांनी दुसरीकडेही मत दिलं होतं. मी त्याच दिवशी मोजलं. म्हटलं, दयेने का होईना, येतायत ना? एकदा ऐकतील. नाही आवडलं तर पुढच्या वर्षी परत माझं एक मत." त्यांनी चष्मा पुसला. "फक्त एक तास मागतोय, अमोल."

मला फार लाज वाटली. पाच आठवडे मी त्यांना फसवत होते असं समजत होते, आणि ते मला समजून घेऊन गाडी चालवत होते.

बोलले ते अमोलचे वडील, निकम नाना. साताऱ्याकडचे. सून बाळंत झाली म्हणून तीन महिन्यांसाठी आले होते आणि खुर्चीवर घोंगडीसारखी शाल गुंडाळून बसले होते. "आरं, मानूस भिजत हुबा राहून सांगतुया, तर थांब की घटकाभर," ते म्हणाले. "आन् मी काय एवढ्या लांब दुकानं बघाय आलोय व्हय? दुकानं साताऱ्यात बी हायती."

अमोलने वडिलांकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. थांबायचं ठरलं. पण ते थांबणं कसलं होतं, ते सांगते. कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. अडीच वाजले तरी टेकडी अर्धीच होती. दोन चाळीसला धबधब्यावाल्या गटातल्या एकीने "मी आधीच म्हटलं होतं" असं सुरू केलं. विमानं न येण्याचं मला काही वाटलं नसतं, पण आता ती आली नसती तर हा माणूस पुन्हा कधी मंडळात तोंड दाखवेल असं मला वाटत नव्हतं. खुर्च्या कोण मोजणार मग?

सबनीस भिंतीशी परत गेले नाहीत. ते आमच्यात उभे राहिले आणि त्यांनी एक गोष्ट केली जी मी कधी पाहिली नव्हती. इअरफोन उपसून काढला, आवाज पूर्ण मोठा केला, आणि स्कॅनर नानांच्या मांडीवर ठेवला.

दोन अठ्ठेचाळीसला त्यातून एक आवाज आला. शांत, जरा नाकात बोलणारा, बाजारात भाजी मागावी इतका साधा. सबनिसांनी हात वर केला. "आले. दक्षिणेकडून. दोन मैल. चौघे आहेत."

कोणाला काही दिसत नव्हतं.

"स्मोक ऑन, गो," आवाज म्हणाला.

"आता धूर सोडणार," सबनीस म्हणाले, "आत्ता."

आणि ढगाच्या खालून, पाण्याला चिकटून, चार लाल विमानं बाहेर आली. पाठीमागे पांढऱ्या धुराच्या चार रेघा. वर नव्हती, समोर होती. आम्ही बंधाऱ्यावर उभे होतो, त्यामुळे जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर. पहिल्या विमानातल्या माणसाचं हेल्मेट मला दिसलं. ढग वर असते तर ती विमानं आकाशात ठिपक्यांएवढी राहिली असती.

"कमिंग लेफ्ट. नाऊ."

"डावीकडे," सबनीस समुद्राकडे पाठ करून म्हणाले आणि हात डावीकडे नेला. त्यांच्या पाठीमागे चारही विमानं एका वेळी डावीकडे कलली.

"आता दोघं फुटणार. एक इकडे, एक तिकडे. समोरासमोर येतील, घाबरू नका. आता." विमानं फुटली. फिरून समोरासमोर आली आणि एकमेकांच्या अंगावरून गेल्यासारखी निघून गेली. चहावाली ओट्यामागून बाहेर आली. गाडीकडे निघालेले लोक परत फिरले. मैदानावरचे स्पीकर बंद, त्यामुळे तिथे काय चाललंय हे सांगणारा एकच माणूस होता. पाच मिनिटांत आमच्या ताडपत्रीभोवती शंभरेक माणसं जमली, आणि सबनीस मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, एकामागून एक, सांगत सुटले. त्यांच्या सांगण्यानंतर क्षणभराने पाठीमागे तसंच घडायचं, प्रत्येक वेळी. माझी मुलगी माझा हात ओढून म्हणाली, "आई, इज काका फ्लाइंग देम?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या पंधरा मिनिटांत मला स्वतःलाच खात्री नव्हती.

मध्येच एकदा नानांनी न राहवून उठून त्यांना खांद्याला धरून फिरवलं. "आवो, बघा तरी गुरुजी." सबनिसांनी बघितलं. एक विमान पाण्यावर उलटं होऊन चाललं होतं, वैमानिक डोकं खाली करून. "छान आहे," सबनीस म्हणाले आणि पुन्हा पाठ केली, कारण त्या चौघांचा नेता रेडिओवर पुढचं वळण सांगत होता.

शेवटी चौघं एकत्र आली, आमच्या समोरून सरळ गेली आणि धुक्यात शिरली. त्या ओल्याकच्च माणसांनी टाळ्या वाजवल्या. अर्धे लोक विमानांकडे बघून वाजवत होते आणि अर्धे सबनिसांकडे बघून. आमच्या मंडळातले पुरुष शिट्ट्या मारत होते. "मी आधीच म्हटलं होतं" वाल्या बाई ठेपल्याचा कागद उलगडून शब्दांची यादी वाचत होत्या. अमोल गर्दीतून वाट काढत आला, सबनिसांसमोर उभा राहिला आणि त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मत," तो म्हणाला, "माझं राहिलं होतं ना, ते लिहून घ्या."

सबनिसांनी खरंच वही काढली आणि बत्तिसावं मत लिहून त्याच्यासमोर धरली. अमोलने तिथे सही केली आणि तारीख घातली.

पावणेचारला बसमध्ये मोजणी झाली तेव्हा तेहतीस भरले. मी आणि अमोल सबनिसांना शोधायला गेलो. किनारा रिकामा झाला होता, पाऊस थांबला होता. ते बंधाऱ्यावर एकटेच बसले होते, इअरफोन पुन्हा कानात. आम्हाला पाहून त्यांनी एक बोट वर केलं.

"दोनच मिनिटं. अजून उतरले नाहीत."

"कोण?"

"ते चौघे. त्यांचा तळ लांब आहे, तिथलं इथे ऐकू येत नाही. पण ते उतरले की हेलिकॉप्टरवाल्याला कळतं, आणि तो इथल्या माणसाला सांगतो. ते झाल्याशिवाय मी उठत नाही."

अमोलच्या डोळ्यांसमोर बसवाला होता, तरी तो शेजारी टेकला. सबनिसांनी इअरफोनची एक बाजू मला दिली. बराच वेळ खरखर. मग एक दमलेला आवाज म्हणाला, "ऑल फोर डाउन." आणि खालचा माणूस, ज्याने दिवसभर सगळ्यांना वेळा दिल्या होत्या, तो अगदी घरातल्यासारखा म्हणाला, "ग्रँड. सेफ होम नाऊ, लॅड्स." सबनिसांनी रेडिओ बंद केला.

"मी याच्यासाठी येतो," ते म्हणाले. "बाकीचं ठीक आहे."

मी विचारलं, याच्यासाठी म्हणजे?

ते वही पिशवीत घालत होते, आमच्याकडे न बघता म्हणाले, "आई होती तोवर कुठेही पोचलो की तिला फोन करायचो. रोज. कारखान्यातून घरी आलो तरी. ती तिकडे जागी असायची. पोचलास का, बस, एवढंच. चार वर्षं झाली तिला जाऊन. आता मी कुठून निघालो, कुठे पोचलो, कोणाला सांगायचं नसतं." पिशवी बंद करून म्हणाले, "यांचं बरं आहे. खाली कोणीतरी मोजत बसलेलं असतं."

अमोलने त्यांची पिशवी उचलली. आम्ही तिघं बसपर्यंत चालत गेलो. सहा वर्षं या माणसाशेजारी रोज अर्धा तास बसून मी हे कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये गाणी झाली, उरलेली भजी झाली, नाना सगळ्यांना हाताने विमानं करून दाखवत होते. कॉर्कला उतरलो तेव्हा अजून लख्ख उजेड होता. नेहमीसारखी पांगापांग झाली. मी घरी येऊन डबे सिंकमध्ये टाकले तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर अमोल होता.

"आम्ही पोचलो. नाना, मी, बाकी सगळे. सबनीस, तुम्ही?"

पाच मिनिटांनी आलं, "पोचलो. ८:१२."

मी हात पुसले आणि लिहिलं, "आम्ही तिघं पोचलो, कॅरिगलाइन." मग धबधब्यावाल्या बाई पोचल्या. मग कुलकर्णी पोचले, साने पोचले, उलटी करणारं मूल त्याच्या आईबापांसकट पोचलं. बिशपस्टाउन, डग्लस, बॅलिनकॉलिग. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. अमोलने बसमध्ये काही कुजबुज केली होती का, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

पावणेनऊला सबनिसांचा संदेश आला, "देशपांडे कुटुंब बाकी."

देशपांडे बस थांबली तिथून चार मिनिटांवर राहतात. सगळा ग्रुप देशपांड्यांची वाट बघत बसला. माझा नवरा टीव्ही बंद करून फोन घेऊन बसला. नऊला पाच कमी असताना देशपांड्यांनी लिहिलं, "सॉरी सॉरी, चिप्स घ्यायला थांबलो होतो. आत्ता पोचलो."

त्यावर सबनिसांनी लिहिलं, "चौतीस. सर्व पोचले. शुभ रात्री."

"आता हे दर वेळेला करावं लागणार," नवरा म्हणाला.

"करू," मी म्हटलं.